दाढेचा एक्स-रे आणि हसरा सेल्फी

७ जून २०२१. पिरंगुटजवळच्या उरवड्यात रसायनांच्या कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार गेले, त्यात बहुतेक बायका. मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते. डीएनए चाचणीशिवाय मार्ग नव्हता. अडीच वर्षांनी, ८ डिसेंबर २०२३ला, तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवताना पुन्हा तेच. तळवडे भोसरीपासून लांब नाही.

अशा वेळी दात साक्ष देतात. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. पुढचे दात आगीत तडकतात, पण गाल आणि जिभेच्या आडोशाला असलेल्या दाढा पुष्कळदा टिकतात. इंटरपोलच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हे ओळखीचे तीन प्रमुख आधार आहेत. मृताच्या जबड्याचा डिजिटल एक्स-रे काढून जिवंतपणीच्या एक्स-रेशेजारी पडद्यावर ठेवायचा. मुळांचा वाक, दाढेत भरलेली चांदी, रूट कॅनालची रेघ जुळते का पाहायचे. डीएनए अहवालाची वाट पाहण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होते. मात्र जिवंतपणीचा एक्स-रे हवा.

घोडे पेंड खाते ते इथेच. एमआयडीसीतला कामगार दाढ ठणकली की संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दवाखान्यात येतो. एक्स-रे पडद्यावर दिसतो, दाढ निघते, पेशंट गोळ्या घेऊन जातो. चित्र राहते दवाखान्याच्या संगणकात, आणि संगणक बदलला की तेही जाते. अनेकांनी तर एक्स-रे कधी काढलेलाच नसतो.

यावर प्रत्येक कामगाराचा सक्तीने एक्स-रे काढा, असे मी म्हणणार नाही. निव्वळ ओळखीसाठी निरोगी माणसाला किरणोत्सर्ग देणे, तो थोडा असला तरी, मला पटत नाही. पण उपचारासाठी काढलेली प्रतिमा पेशंटच्या मोबाइलवर द्यायला काय हरकत आहे? एक्स-रेचे पैसे त्याने मोजलेत, तो त्याचाच आहे. मालकाकडे तो जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

ज्यांच्याकडे एक्स-रे नाही, त्यांच्याकडे सेल्फी असतो. पुढच्या दातांतली फट, एकावर एक चढलेला दात, तुटलेला कोपरा हे हसऱ्या फोटोत स्पष्ट दिसते. न्यायदंतवैद्यक अशा फोटोंचा उपयोग करते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत बारकावे पुसट होतात, म्हणून मूळ फाइल जपावी. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसारही डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. नंतर उजेड वाढवून ‘सुधारलेला’ फोटो तिथे अडचणीचाच.

कातडीवरच्या चाव्याच्या खुणांवरून माणूस ओळखण्याची गोष्ट वेगळी. त्यामागचा शास्त्रीय पाया अपुरा असल्याचे अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेच्या २०२२च्या आढाव्यात म्हटले आहे. कॅमेरा कितीही महाग असला तरी ती उणीव भरून निघत नाही.

उरवड्यातल्या घरच्यांना अंत्यसंस्कारासाठीही अहवालाकडे डोळे लावून बसावे लागले. पुढच्या खेपेला दाढ दाखवायला गेलात, तर निघताना काउंटरवर एक्स-रेची फाइल मागा आणि घरात आणखी कोणाच्या तरी मोबाइलवरही ठेवा.