दिल्लीचा आराखडा आणि आपला ओढा



पाऊस लहरी झाला, हे तुम्हांला सांगायला नको. त्यासाठी केंद्र सरकारने २००८ साली हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा केला. त्यातल्या आठ अभियानांत एक पाण्याचे आहे, एक शेतीचे. पण आपला ओढा कोणत्या महिन्यात आटतो, हे दिल्लीला कसे कळावे? आणि बंधाऱ्याचा पैसा एकट्या गावाने कुठून आणावा? वरचा पैसा आणि खालची माहिती यांची गाठ पडली पाहिजे. आपल्या राज्यात २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पात गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडला गेला, तो याचसाठी.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. ५०० हेक्टरांच्या गावावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३०० कोटी लिटर झाले. त्यातले अडले किती आणि पिकांना लागते किती, हे मांडा. गाव प्रकल्पात असो वा नसो, विकास आराखड्याच्या ग्रामसभेत हा कागद ठेवा. विहीर कधी तळाला जाते, हे पाणी भरणाऱ्या भगिनींना पक्के ठाऊक असते; त्यांनीही सभेत बोलावे. आणि ठरावात कामाची जागा गट नंबरासह लिहून घ्या.