वास्त्यांचे पहिले पाणी ओतूनच द्या

पावसाळा सुरू झाला की डहाणू-तलासरीच्या बाजारात आदिवासी भगिनी बांबूचे कोवळे कोंब, म्हणजेच वास्ते, विकायला बसतात. जुन्या घरांत ही भाजी करण्याची रीत ठरलेली असते. कोंब सोलून बारीक चिरायचे, भिजत घालायचे, उकळायचे, ते पाणी ओतून द्यायचे आणि मगच फोडणीला टाकायचे. एवढा खटाटोप कशाला, पाण्याबरोबर सत्त्वही जाते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते या बाबतीत आजीचीच रीत शास्त्रशुद्ध आहे.

कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य असते. कोंब चिरला वा चावला की त्यातून सायनाइड सुटते. हे विष पेशीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम बंद पाडते. रक्तात प्राणवायू असूनही पेशीला तो वापरता येत नाही. भरल्या कणगीपाशी उपासमार व्हावी, तसाच हा प्रकार. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायूचा खर्च सुमारे २० टक्के आणि शिल्लक साठा जवळजवळ नाहीच. म्हणून मेंदूला झळ लवकर बसते. ऊर्जा घटली की मज्जापेशींना चेतवणारे ग्लुटामेट वाढते आणि त्यांना शांत ठेवणारे गाबा कमी पडते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, धाप, आणि विष जास्त गेल्यास झटके व बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात.

घाई किती महाग पडते पाहा. ज्या कसावा कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच्या कडू जातींतही असेच विष असते. १९८१ साली मोझांबिकमध्ये दुष्काळात लोकांनी नेहमीची प्रक्रिया अर्धवट करून तो कंद खाल्ला. हजारावर लोकांचे पाय लुळे पडले. त्यांत बायका-मुले अधिक होती.

यावरून वास्ते खाणे सोडू नका. बांबूतील हे द्रव्य उष्णतेने फुटते आणि विष वाफेवाटे निघून जाते. म्हणून झाकण न ठेवता चांगले उकळा, पाणी बदला आणि कडवट लागल्यास पुन्हा उकळा. मुलांना कच्चा कोंब चघळू देऊ नका. खाल्ल्यावर वरील लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा.

रानभाजी महोत्सवांत भाजीचे गुण पाटीवर लिहितात. त्याच पाटीवर ‘उकळून पाणी ओतून द्या’ हेही ठळक लिहावे. ज्या भगिनी भाजी विकतात, त्यांना ही रीत अवश्य विचारावी.