पायांवरचे पट्टे आणि बाजाराचा न्याय

वैद्यकीय साधनांचे वाटप बाजारावर सोपवावे, स्पर्धेने ती स्वस्त होतील आणि गरजूंपर्यंत आपोआप पोहोचतील, असा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार केला जातो. रुग्णालयात ‘डीव्हीटी पंप’ म्हणून ओळखले जाणारे एक साधे उपकरण घेऊन तो तपासून पाहावा.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायांतील रक्तप्रवाह मंदावतो, खोलवरच्या शिरेत गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतते. हा संबंध उलगडणारा जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो याने १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीवर उपाय म्हणून लोकशाही, शिक्षण आणि पुरेसे वेतन यांची मागणी केली होती. रोगाचे मूळ समाजरचनेत शोधणारी ही परंपरा आपली आहे.

हा पंप म्हणजे पायांना गुंडाळलेल्या पट्ट्यांत ठरावीक अंतराने हवा भरणारे व सोडणारे यंत्र. ब्रिटनमधील ९४ रुग्णालयांत पक्षाघाताने हालचाल थांबलेल्या २,८७६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या शिरांतील गुठळीचे प्रमाण पट्टे बांधलेल्यांत ८.५ टक्के, तर इतरांत १२.१ टक्के होते. म्हणजे सुमारे २८ रुग्णांमागे एक गुठळी टळली. याउलट, भारतासह चार देशांत झालेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की, अतिदक्षता विभागात गुठळीविरोधी औषध आधीच चालू असलेल्यांना पट्ट्यांचा लक्षणीय जादा लाभ होत नाही. तेव्हा गरज कोणाची, हे शास्त्राने बऱ्याच अंशी निश्चित केले आहे.

बाजार मात्र गरज पाहत नाही, खिसा पाहतो. येथे निवड डॉक्टरची, विक्री रुग्णालयाची आणि बिल रुग्णाचे. मग ग्राहकाचे सार्वभौमत्व उरते कोठे? पंप एकदाच घेतला जातो, पट्टे मात्र प्रत्येक रुग्णाला नव्याने विकले जातात. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे व वापरून टाकायच्या वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. अशा व्यवस्थेत पैसेवाल्याच्या पायांवर अनावश्यक पट्टे चढतात आणि सरकारी वॉर्डातील पक्षाघाताचा मजूर त्यांविना पडून राहतो, यात नवल ते काय?

किमती बांधल्या तर पुरवठा आटेल, असा आक्षेप येईल. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या स्टेंटची किंमत ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली गेली. काही कंपन्यांनी माल मागे घेण्याची भाषा केली. अँजिओप्लास्टी थांबल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषध कायद्याखाली आली आणि छापील किमतीत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास बंदी झाली. परंतु मुळातच फुगवून छापलेल्या किमतीला या बंदीचा धाक नाही. कारखान्यातून निघतानाच्या किमतीवर नफ्याची मर्यादा घालणे, हाच खरा उपाय होय.

तेवढ्यानेही भागणार नाही. पट्टे रात्रंदिवस बांधावे लागतात, काढून त्वचा तपासावी लागते. पुरेशा परिचारिका नसतील तर यंत्र शोभेची वस्तू ठरते. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे वचन दिले. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. १९५४ साली पिंपरीत सार्वजनिक क्षेत्रात पेनिसिलिनचा कारखाना उभारू शकलेल्या देशाला हवेचा पंप आणि कापडी पट्टे बनवणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल?

कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयाला लेखी विचारावे: पंप किती, पट्टे किती, रात्रपाळीला परिचारिका किती, आणि पट्ट्यांचे पैसे कोण भरतो? ही उत्तरे जाहीर सभेत वाचून दाखवावीत. आंदोलनाची सुरुवात तेथूनच होईल.