जामीन राहण्याआधी दोन दिवस थांबा

पतसंस्थेचे कर्ज काढायचे तर जामीनदार लागतात, आणि मग नात्यागोत्यातला सगळ्यांत भिडस्त माणूस आठवतो. ज्याला कायमची नोकरी आहे आणि ज्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही, त्याच्या घरी मेहुणा किंवा चुलतभाऊ येतो. “फक्त सहीचं काम आहे, हप्ते मीच भरणार,” म्हणतो. चहा संपायच्या आत सही होते.

अशा भिडस्त माणसांना माझी कळकळीची विनंती आहे: ती सही म्हणजे तुम्ही काढलेले कर्जच समजा. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे १९६८ सालीच फेटाळले. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की जामीनदाराच्याही मागे वसुली लागते. पगारदाराला जामीन म्हणून एवढी मागणी असते ती पगारातून कपात करता येते म्हणूनच. शिवाय थकलेले कर्ज तुमच्या सिबिल अहवालात दिसते, आणि मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की अडते.

यातले बरेचसे लोकांना ठाऊक असते. तरीही सही होते, कारण त्या घडीला प्रश्न पैशाचा राहत नाही, नात्याचा होतो. मागणाऱ्याची मिळकत किती, आधीची कर्जे किती, हे विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटते. शेजारी मामा किंवा मोठे काका बसलेले असले, तर नकार म्हणजे त्यांचा अपमान ठरतो. मागणारा लबाड असतोच असे नाही. धंदा चालेल असे त्याला मनापासून वाटत असते. पण आजारपण आणि बुडालेली उधारी कुणाला विचारून येत नाही. भीड भिकेची बहीण, असे जुनी माणसे उगाच म्हणत नव्हती.

स्वभाव बदला, असे मी म्हणणार नाही. पद्धत मात्र बदला. समोरासमोर होकार देऊ नका; “घरात बोलून दोन दिवसांनी सांगतो,” एवढेच म्हणा, आणि नवरा-बायकोने खरोखरच बसून बोला. हे सगळे कर्ज उद्या आपल्याला फेडावे लागले तर झेपेल का, हा एकच प्रश्न विचारा. झेपणार नसेल तर सही नको. त्यापेक्षा परत नाही आली तरी चालेल एवढी रक्कम मदत म्हणून द्या. सही करायचीच असेल तर कोऱ्या फॉर्मवर करू नका. कर्जाची रक्कम आणि मुदत वाचा, कागदांची प्रत घ्या, हप्ते भरले जातात की नाही याची अधूनमधून चौकशी करा. आपल्याला पैसे भरावे लागलेच तर पावत्या जपून ठेवा. करार कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे ते कर्जदाराकडून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, कुणाच्या सहीसाठी आपला शब्द खर्ची घालू नका. चारचौघांत जामीन मागू नका. ज्याने नकार दिला, त्याला पुढच्या लग्नाचे आमंत्रण पहिल्याइतक्याच आपुलकीने द्या.