पुऱ्याची पंचायत कीं घरमालकांचा दरबार?

घरांत सडा-सारवण आणि दारापुढें उकिरडा, अशी आपली रीत पडून गेली आहे. उंबरठ्याच्या आंतली जमीन आरशासारखी ठेवावयाची आणि तिचा केर शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवून यावयाचा. शेजाऱ्यानें तोच केर रातोरात आपल्या भिंतीला परत करावयाचा. आणि मग दोघांनीं मिळून नगरपरिषदेला शिव्या द्यावयाच्या! शेतांत धुरा वीतभर सरकला तर आम्ही वकिलाचें घर गांठतों, बैलजोडी विकून तारखा करतों. पण पुऱ्याचा सबंध रस्ता नालीनें गिळला तरी आमच्या कपाळावर आठी पडत नाहीं. कारण तो रस्ता कोणाच्याच सातबाऱ्यावर नाहीं!

अचलपूर-परतवाड्याच्या भोंवतालीं शेतांचे प्लॉट पडून नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तेथल्या घरमालकांनीं मंडळें काढावीं आणि वसाहतीला शिस्त लावावी, असें बोलणें चालतें. जुन्या पुऱ्यांतलीं शिकलेलीं पोरेंहि आतां तेंच म्हणूं लागलीं आहेत. या मंडळांविषयीं आमचें मत एका वाक्यांत सांगतां येईल: मंडळ पाहिजे, पण तें राहणारांचें पाहिजे, नुसत्या मालकांचें नको. असें कां, तें आतां उलगडून सांगतों.

मंडळाचें नांव काढलें कीं आपले लोक म्हणतात, "आम्ही घरपट्टी भरतों, पाणीपट्टी भरतों, मग नाली आम्हीं कां पाहावी?" प्रश्न रास्त आहे. पण आम्ही उलट विचारतों, शेत बटाईनें दिलें म्हणून मालक खळ्यावर जात नाहीं काय? जो जात नाहीं, त्याच्या घरीं किती पोतीं येतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. पट्टी भरून घरीं बसणाराची गत तीच होते. आपली नगरपरिषद १८६९ सालची, म्हणजे दीडशें वर्षांहून जुनी. इतक्या वर्षांत पट्टी देणारांच्या किती पिढ्या गेल्या. परंतु कोणत्या पुऱ्यांत किती खर्च झाला हें विचारावयास किती जण गेले, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ सालीं अमलांत आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभागांच्या समित्या असाव्या, असें तिनें ठरविलें. २०११ च्या शिरगणतींत अचलपूरची वस्ती १,१२,३११ भरली. म्हणजे मोठ्या शहरांना कायद्यानें जें आसन घालून दिलें, तें आपल्या वांट्यास आलें नाहीं. तेव्हां आपली सतरंजी आपणच अंथरली पाहिजे. मुंबईच्या घाटकोपरांत जोशी लेनमधल्या रहिवाशांनीं १९९७ च्या सुमारास आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करून दाखविला. पुढें महापालिकेनें तीच रीत इतर वस्त्यांसाठीं उचलली. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनीं तर रहिवाशांच्या संघांचें नांव घेऊनच ओला व सुका कचरा घरींच वेगळा करण्याचें काम त्यांच्याकडे दिलें. सरकार आपणांस बोलावीत असतां आपण ओसरीवर कां बसावें?

प्लॉटवाल्यांची गोष्ट तर आणखी निराळी. विकणारा नकाशावर बगीचा, रुंद रस्ता आणि नाली रंगवून दाखवितो. खरेदीखत झालें कीं रंग उडतो. ले-आउट पाडतांना सोडलेली मोकळी जागा सर्वांची असते. पण सर्वांची म्हणजे कोणाचीच नाहीं असें समजून आज तेथें कोणी विटा टाकतो, उद्यां टिनाचें छप्पर टाकतो, आणि परवां तेथें दुकान दिसतें. एकट्या माणसाचा अर्ज टोपलींत जातो. चाळीस घरांच्या सह्यांच्या अर्जाला आवक क्रमांक मिळतो. २००५ च्या माहितीच्या अधिकारानें दहा रुपयांच्या अर्जावर रस्त्याचा खर्च आणि ठेकेदाराचें मोजमाप पाहावयास मिळतें. तो अर्ज करणारा एकटा असला कीं त्यास दम भरतां येतो. सबंध पुरा असला तर कोण कोणास दम भरील? गांव करी तें राव न करी, हें आपणच म्हणतों ना?

येथपर्यंत आम्ही मंडळवाल्यांच्या बाजूनें बोललों. आतां दुसरी बाजू ऐका.

आमच्या माहितीच्या एका वसाहतींत असें मंडळ निघालें. नांव सांगत नाहीं. कारण हा दोष एका वसाहतीचा नाहीं. पहिल्याच बैठकींत नियम झाले. पहिला नियम: वसाहतींत गाय, म्हैस, बकरी बांधूं नये. दुसरा नियम: ठोकठोक करणारा धंदा घरीं करूं नये. तिसरा नियम कागदावर आला नाहीं, पण सर्वांस कळला: "भलत्या" लोकांस घर भाड्यानें देऊं नये. मंडळाच्या अध्यक्षांचा स्वतःचा ओटा मात्र रस्त्यावर चार हात पुढें आलेला होता. त्याविषयीं नियम झाला नाहीं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वाचकहो, हे नियम कोणाविरुद्ध झाले? ज्याच्या घरीं दुभतें जनावर आहे त्या शेतकऱ्याविरुद्ध. ज्याचा ऐरण, करवत किंवा माग घरांतच चालतो त्या लोहार-सुतार-विणकराविरुद्ध. आणि ज्याला स्वतःचें घर नाहीं त्या मजुराविरुद्ध. आपल्या घरांत घर आणि कारखाना एकच असतो. दर्जा राखावयाचा म्हणजे ऐरण बंद करावयाचा, तर त्या घरची चूलहि बंद होते. शेणाची घाण होते हें खरें. पण त्याला उपाय गोठ्याची मोरी आणि शेणाचा खड्डा हा आहे, गाय विकणें हा नव्हे. हातोड्याचा आवाज होतो हें खरें. पण त्याला उपाय कामाची वेळ ठरविणें हा आहे, लोहारास हांकून देणें हा नव्हे. स्वच्छतेच्या नांवाखालीं गरिबालाच केर समजणें, याला आम्ही दर्जा म्हणत नाहीं.

"आमचा मोहल्ला" या शब्दांत किती विष असूं शकतें, हें आपल्या लोकांनीं भोगलें आहे. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों लोकांसह तेथलें पाणी घेतलें, तेव्हां तळें खासगी आहे असा दावा सवर्ण गृहस्थांनीं कोर्टांत नेला. १९३७ सालीं हायकोर्टानें तो धुडकावला. जनावरांस जें पाणी चालत होतें, तें माणसास नाकारण्यासाठीं मालकीचा कागद शोधण्यांत दहा वर्षें गेलीं! आपल्या अमरावतींतहि अंबादेवीच्या देवळाचें दार अस्पृश्यांस उघडावें म्हणून १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. पंजाबराव देशमुखांनीं पुढें जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करविल्या. उलट जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालींच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला होता. एक मालक आपली खासगी वस्तु सर्वांची करतो, आणि दुसरा सर्वांची वस्तु खासगी करूं पाहतो. आपलें मंडळ यांतल्या कोणाच्या वाटेनें जाणार, हें पहिल्याच बैठकींत ठरलें पाहिजे.

जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदहि होते. १८८० सालीं व्हाईसरॉय लॉर्ड लिटन यांच्यासाठीं शहर सजविण्यास हजार रुपये खर्चावे, असा प्रस्ताव आला, तेव्हां त्यांनीं विरुद्ध मत दिलें. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. आमच्या मंडळांनींहि हें लक्षांत ठेवावें. कमान, फलक, रोषणाई आणि डीजे यांना वर्गणी चटकन् जमते. नालीवरच्या फरशीसाठीं पेटी फिरविली कीं दारें लागतात. ज्या पुऱ्याची कमान उंच आणि नाली तुंबलेली, त्या पुऱ्याचा दर्जा कमानीवरून मोजावयाचा कीं डासांवरून?

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यांतले, शेंडगांवचे, परिटाच्या घरीं १८७६ सालीं जन्मलेले. ते गांवांत आले कीं अगोदर खराटा हातीं घेत आणि रात्रीं कीर्तन करीत. आपण मात्र त्यांचा पुतळा बसवितों, पुण्यतिथीला खराटा हातीं धरून फोटो काढतों आणि दुसऱ्या दिवशीं झाडणाऱ्या बाईस "ए" म्हणून हांक मारतों. तिला हातमोजे मिळतात कीं नाहीं, पगार वेळेवर मिळतो कीं नाहीं, हें विचारणें मंडळाचें काम नव्हे काय? मैला हातानें काढावयास लावणें आणि संरक्षणाच्या साधनांवांचून माणसास टाकींत उतरविणें, हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. चार पैसे वांचविण्याकरितां जें मंडळ हें पाप करील, त्याच्या स्वच्छ रस्त्यास आमचा दुरूनच नमस्कार!

आणखी एक गोष्ट. २०२२ सालच्या एप्रिलांत दुल्हा दरवाजावरील झेंड्यावरून दगडफेक झाली आणि आपल्या शहरांत संचारबंदी लागली. दगड कोणीहि मारो, उपाशी कोण राहिलें? ज्याचें पोट हातावर, तो. मग तो हिरापुऱ्यांतला असो कीं बिलनपुऱ्यांतला. भिवंडी हेंहि विणकरांचें गांव. १९८४ च्या दंगलीनें तें होरपळलें. पुढें पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं तेथें मोहल्ल्या-मोहल्ल्यांत हिंदु-मुसलमानांच्या समित्या बसविल्या, आणि १९९२-९३ मध्यें मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या दंगल पेटल्यावर काढलेल्या नव्हत्या. एरवींहि एकत्र बसणारीं माणसें होतीं, म्हणून वेळेवर एकमेकांच्या दारीं जाऊं शकलीं. जें मंडळ दर महिन्यास नालीसाठीं एकत्र बसतें, तें अफवेच्या रात्रीं उपयोगीं पडतें. आमच्या मतें नालीहून मोठा लाभ हाच आहे.

तर मग मंडळ कसें असावें? आम्ही थोडक्यांत सांगतों. पुऱ्यांत जो राहतो तो सभासद. मालक आणि भाडेकरी असा भेद नको. घराचें मत पुरुषानेंच द्यावें असेंहि नको. पाणी भरणारी आणि केर काढणारी जिला सारें ठाऊक, तिला बैठकींतून वगळून नालीचा विचार कसा होणार? नियम थोडे असावे आणि ते नाली, कचरा, पाणी, दिवा, रस्ता व आवाज यांपुरतेच असावे. कोणी काय खातो, कोणता देव मानतो, कोणत्या जातीचा आहे, याची चौकशी मंडळानें करूं नये. नियमाची अंमलबजावणी अध्यक्षाच्या ओट्यापासून सुरू व्हावी. जमाखर्च दर महिन्यास चारचौघांत मोठ्यानें वाचून दाखवावा, म्हणजे ज्याला अक्षर येत नाहीं त्यालाहि कळेल. आणि नगरपरिषदेनें जें करावयाचें तें तिच्याकडूनच करून घ्यावें. तिचें ओझें आपल्या शिरावर घेऊन तिला मोकळी सोडणें ही समाजसेवा नव्हे, तो भोळेपणा आहे.

नोंदणी, शिक्का, लेटरहेड हें सर्व मागाहून होईल. सात माणसें जमलीं कीं कायद्यानें संस्था नोंदवितां येते. पण सातशें रुपयांचा शिक्का करून नाली साफ होत नाहीं. आधीं आपल्या ओळींतल्या दहा घरांनीं एका संध्याकाळीं पाराखालीं बसावें. शेजारी मुसलमान असेल तर त्यास बोलवावें, भाडेकरी असेल तर त्याला पुढें बसवावें, आणि पहिला प्रश्न एवढाच घ्यावा: आपल्या दारचें सांडपाणी जातें कोठें? सापन आणि बिच्छन या नद्यांना विचाराल तर त्या उत्तर देतील.

बंधूंनो, आपल्या पूर्वजांना वेशीबाहेर, नदीकांठीं, खालच्या अंगाला जागा मिळाली. वरच्यांचें सांडपाणी त्यांच्या अंगणांतून वाहिलें. आज आपलींहि पक्कीं घरें झालीं आहेत. आतां आपलें सांडपाणी कोणाच्या अंगणांतून वाहतें, हें ज्यानें त्यानें दारांत उभें राहून पाहावें आणि मगच मंडळाच्या अर्जावर सही करावी.