अम्मीची ढोलक

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नातली मांझ्याची, म्हणजे हळदीची रात्र होती. बाहेर मंडपात डीजे सुरू झाला आणि घरातल्या वयस्कर बायका कानावर हात ठेवून आतल्या खोलीत येऊन बसल्या. कुणीतरी कपाटावरची जुनी ढोलक काढून माझ्या अम्मीपुढे ठेवली.

अम्मी ७२ वर्षांची. पडल्यापासून तिचा उजवा खांदा आखडलाय. डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम ती तीन दिवस करते, चौथ्या दिवशी सोडून देते. त्या रात्री मात्र तिनं अर्धा तास ढोलक वाजवली. खाला चमच्यानं ढोलकच्या लाकडावर ठेका धरत होत्या. व्याह्यांची थट्टा करणारी दखनी गीतं एकामागून एक आठवत गेली. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला का, असं विचारलं तर म्हणाली, "दुखला, पण रोज दुखतो तसा नाही."

तेव्हापासून मला वाटतं, आपल्या म्हाताऱ्या माणसांना आपण व्यायाम सांगतो, पण तो करावासा वाटेल असं कारण देत नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पाठ न होणारी कविता बाकावर ठेका धरला की मुलांना पाठ होते. लय माणसाला पुढे ओढून नेते. अमेरिकेतले संशोधक मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांना ठेक्यावर चालण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांची चाल सुधारली आणि पाऊल लांब पडू लागलं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. परदेशात तर मोठ्या रबरी चेंडूवर दोन काठ्यांनी ठेका धरायचे वर्गच असतात. खुर्चीत बसूनही ते करता येतं.

ढोलकमध्ये काय होतं पाहा. डावा हात जाड आवाजाच्या पुडीवर, उजवा बारीक आवाजाच्या. दोन्ही हात वेगळं काम करतात, पण एकाच वेळेत. मनगट, कोपर, खांदा हलतो. पुढचा ठेका लक्षात ठेवावा लागतो. गाताना श्वास लांबतो. आणि एकटीनं गंमत येत नाही, म्हणून शेजारीण लागते.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा की, पासष्टीपुढच्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, शिवाय ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचाही. नुसत्या ढोलकनं हे सगळं होणार नाही. पाय हलायला हवेतच. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, हिमायत बागेत फिरायला जाणाऱ्या आजोबांइतक्या आमच्या गल्लीतल्या आज्या घराबाहेर पडतात का? ज्या पडत नाहीत, त्यांच्यासाठी घरातली सुरुवात हवी.

"आपल्यात हे चालतं का?" असं एका नातलगांनी विचारलं. वाद्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. पण सहीह बुखारीत ईदच्या दिवशी हजरत आयेशा यांच्या घरी डफ वाजवणाऱ्या दोन मुलींचा प्रसंग आहे. हजरत अबू बकर त्यांच्यावर रागावले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्या मुलींना राहू द्या म्हणून सांगितलं. तरीही ज्यांचं मन मानत नाही, त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, उशीवर हात मारावेत. व्यायाम तोच होतो.

आता दर बुधवारी असरच्या नमाजनंतर आमच्याकडे पाच-सहा बायका जमतात. गुडघे दुखणाऱ्या खुर्चीवर बसतात. ढोलक एकच, म्हणून बाकीच्यांपुढे उलट्या बादल्या आणि हातात लाटणी. आधी हळू, मग थोडं जलद, मध्ये पाणी. ज्यांना उभं राहणं जमतं, त्या खुर्चीची पाठ धरून जागच्या जागी पावलं टाकतात. हृदयाचा त्रास असलेल्या एकीनं आधी डॉक्टरांना विचारून घेतलं, सगळ्यांनीच विचारावं.

अम्मीचा खांदा बरा झाला, असं मी म्हणणार नाही. पण बुधवारी दुपारीच ती विचारते, "सगळ्याजणी येणार आहेत ना?" पडल्यापासून तिनं कुणाची वाट पाहणंच सोडलं होतं.

तुमच्या घरातही एखादी ढोलक कपाटावर पडली असेल. खाली काढा.