बिनगिअरची सायकल आणि कष्टकऱ्याचा हिशेब

भोसरी, अंबड किंवा वाळूज येथील औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्या एखाद्या कंत्राटी कामगाराचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. घरापासून कारखान्याचे अंतर सहा किलोमीटर. सात वाजता फाटकाशी हजर नसल्यास रोजातून पैसे कापले जातात. बसची वेळ आणि पाळीची वेळ यांचा मेळ नाही. सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. मोटारसायकल घ्यावी तर हप्त्यांचा फास गळ्यात पडतो. अखेर चार-सहा महिने मागे टाकलेले सहा-सात हजार रुपये घेऊन तो सायकलीच्या दुकानात जातो.

दुकानात दर्शनी भागात जाड टायरच्या, पुढे-मागे स्प्रिंगा बसवलेल्या, चकतीचे ब्रेक असलेल्या रंगीबेरंगी सायकली ओळीने मांडलेल्या असतात. मागच्या कोपऱ्यात, धूळ झटकून दाखवावी लागेल अशा जागी, काळी साधी सायकल उभी असते. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसतो. त्याच शहराच्या श्रीमंत भागात एखाद्या काचेच्या दुकानात तिसऱ्याच प्रकारची सायकल टांगलेली असते. बारीक फ्रेम, बारीक टायर, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, गिअरही नाही. आणि किंमत साध्या सायकलीच्या तिप्पट-चौपट. यांपैकी कोणती घ्यावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः त्यामागे अर्थकारण आहे, आणि ज्याची वर्षाची बचत पणाला लागलेली असते त्याला ते कोणीही समजावून सांगत नाही.

प्रथम यंत्राचा विचार करणे इष्ट ठरेल. बिनगिअरच्या सायकलीला पुढे एक दातेरी चक्र आणि मागे एक, एवढाच कारभार असतो. तिच्यातही दोन प्रकार आहेत. एकात मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. दुसऱ्यात मागचे चक्र चाकाला पक्के जखडलेले असते. चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राहते. हा दुसरा प्रकार शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीवर वापरला जातो. न्यूयॉर्कमध्ये टपाल पोहोचवणाऱ्या सायकलस्वारांनी तो रस्त्यावर आणला आणि पुढे त्याची फॅशन झाली. आपल्याकडील रस्त्यावर, जेथे खड्डा, गाय, रिक्षा आणि उलट दिशेने येणारा दुचाकीस्वार एकाच क्षणी समोर ठाकतात, तेथे जखडलेल्या चक्राची सायकल कामावर जाण्यासाठी घेणे शहाणपणाचे नाही. घ्यायचीच असेल तर निदान पुढचा ब्रेक असल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये. कष्टकऱ्याच्या दृष्टीने खरा पर्याय म्हणजे फ्रीव्हील असलेली एका गतीची सायकल.

गिअर नाहीत म्हणजे सायकल मागासलेली, हा समज जाहिरातींनी रूढ केला आहे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरना १९३७ सालापर्यंत परवानगी नव्हती. तोवर त्या स्पर्धकांनी आल्प्सचे घाट अशा गिअरांवाचूनच पार केले. अर्थात, रोज घाट चढणाऱ्याला गिअर हवेत याविषयी दुमत नाही. परंतु सपाट रस्त्यावर सहा-आठ किलोमीटर जाणाऱ्यासाठी योग्य दात्यांची एकच जोडी पुरेशी असते. प्रश्न असतो ती जोडी कोणती, हा.

हा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला करता आला पाहिजे. पुढच्या चक्राचे दाते मोजावेत, मागच्याचे मोजावेत आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागावे. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४ फेरे घेते. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारल्यास तासाला एकोणीस-वीस किलोमीटरची गती मिळते. मागे १८ ऐवजी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर तेच अंतर पाच मीटरच्या किंचित खाली येते. गती थोडी घटते, पण चढावर गुडघ्यांवर येणारा ताण कमी होतो. दुधाच्या किटल्या, भाजीची पोती किंवा पाण्याचे कॅन वाहणाऱ्याने मागे अधिक दाते असलेले फ्रीव्हील मागून घ्यावे. फ्रीव्हील बदलणे हे किरकोळ खर्चाचे आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हातचे काम आहे. तरीही ‘हिला मागे किती दाते आहेत?’ असा प्रश्न दुकानात क्वचितच कोणी विचारतो. रंग मात्र सर्वजण विचारतात.

दुसरा मुद्दा ब्रेकचा. साध्या काळ्या सायकलीच्या चाकाची धाव बहुधा चकाकणाऱ्या पोलादाची असते. कोरड्या हवेत तिच्यावर रबराचा ब्रेक बरा लागतो. पावसात धाव ओली झाली की तो निम्मासुद्धा लागत नाही. कोकणात, मुंबईत किंवा मावळपट्टीत चार महिने सायकल चालवणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. म्हणून पावसाळी भागात अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची धाव मिळत असल्यास थोडे जास्त पैसे तेथे खर्चावेत. ते वाया जात नाहीत. सळईचे ब्रेक मजबूत असतात, पण ते नीट जुळवावे लागतात. तारेचे ब्रेक स्वस्तात बदलता येतात. कोणतेही असोत, पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्वतंत्रपणे लागले पाहिजेत, आणि ते दुकानाच्या दारात सायकल चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

तिसरी गोष्ट तयार सायकलीच्या जोडणीची. एके काळी फ्रेम एका ठिकाणची, रिम दुसऱ्या ठिकाणची, सीट तिसऱ्या ठिकाणची अशी पारखून सायकल जोडून घेण्याचा प्रघात होता. आता कारखान्याची तयार सायकल घेणेच सामान्य माणसाला परवडते. परंतु ‘तयार’ म्हणून जी विकली जाते ती बहुतेकदा अर्धवट सुट्या अवस्थेत खोक्यातून येते आणि दुकानातला मिस्त्री ती घाईघाईने जोडतो. म्हणून चाक उचलून फिरवून पाहावे. धाव डावी-उजवीकडे हलत असेल तर आऊट काढून घ्यावा. पायडलचा दांडा धरून हलवावा. तो खडखडत असेल तर आतले छर्रे नीट बसलेले नाहीत असे समजावे. साखळी फार सैल किंवा फार ताठ नसावी. फ्रेमच्या दांड्यावर उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला निर्धास्त टेकले पाहिजेत. मुलगा वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊन देणारे पालक त्याला वर्षभर धोक्यात ठेवतात.

आता त्या दर्शनी ओळीकडे वळू. सहा-सात हजारांत स्प्रिंगा, चकतीचे ब्रेक आणि जाड टायर देणारा उत्पादक ते पैसे कोठून तरी वाचवतोच. तो ते चाकाच्या तुंब्यात, छर्ऱ्यांत, साखळीत आणि आऱ्यांत वाचवतो. म्हणजे जे दिसत नाही पण रोज झिजते, त्यात. स्प्रिंगांमुळे वजन वाढते आणि पायाची ताकद त्या दाबण्यात खर्ची पडते. स्वस्त चकती वाकली की गावातल्या मिस्त्रीकडे तिचा सुटा भाग नसतो. याउलट साध्या सायकलीची ट्यूब, ब्रेकचे रबर, आरे, कॉटर पिन तालुक्याच्या बाजारात हमखास मिळतात. ज्या वस्तूची दुरुस्ती तिच्या मालकाच्या गावात होऊ शकत नाही ती कितीही कमी किमतीत मिळाली तरी तिला स्वस्त म्हणता येणार नाही. अर्थशास्त्रात वस्तूची किंमत खरेदीच्या दिवशी ठरत नाही. ती वस्तू भंगारात जाईपर्यंत ठरत राहते.

काचेच्या दुकानातील बिनगिअरच्या सायकलीचीही गंमत पाहण्यासारखी आहे. जो साधेपणा कारागिराच्या आणि दूधवाल्याच्या सायकलीत दारिद्र्याची खूण मानला गेला, तोच साधेपणा मडगार्ड आणि कॅरिअर काढून टाकल्यावर अभिरुचीची खूण ठरतो आणि त्याचे तिप्पट दाम मोजले जातात. या सायकली वाईट असतात असे नव्हे. त्या हलक्या असतात आणि त्यांची चाके सुबक असतात. ज्याला परवडते त्याने त्या खुशाल घ्याव्यात. परंतु चिखल अंगावर उडणार नाही, डबा ठेवता येईल आणि मुलीला मागे बसवून शाळेत सोडता येईल, या गरजा ज्याच्या आहेत त्याला मडगार्ड आणि कॅरिअर वजा केलेली सायकल निरुपयोगी आहे. हलकी, गंज न धरणारी आणि सर्व साज असलेली साधी सायकल रास्त भावात का मिळू नये, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला शासकीय धोरणाची बाजू आहे. वस्तू व सेवा कराच्या रचनेत सायकलीवर १२ टक्के कर होता. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारींवरील कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यानंतर सहा वर्षे या देशात विजेच्या आलिशान मोटारीवर ५ टक्के आणि कामगाराच्या सायकलीवर १२ टक्के असा न्याय चालू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील कर ५ टक्के झाला, हे स्वागतार्हच आहे. सात हजारांच्या सायकलीमागे त्यामुळे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास वाचू शकतात. मात्र ती सवलत ग्राहकाच्या हाती पडते की मधल्यामध्ये मुरते, हे पाहण्याचे काम कोणाचे?

येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. मुंबईची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन कंपन्यांचे १९८० साली कायदा करून राष्ट्रीयीकरण करण्यात आले. पुढे दोन्ही उद्योग बंद पडले. सायकलीचा उद्योग प्रामुख्याने लुधियानाच्या खाजगी कारखान्यांत आणि तेथील लहान-मोठ्या सुट्या भागांच्या कारखान्यांत एकवटला. केवळ मालकी सरकारकडे आल्याने चांगली वस्तू जनतेच्या हाती पडत नाही, हा धडा समाजवाद्यांनी स्वीकारला पाहिजे. तसेच, केवळ बाजारावर सोडल्याने काय होते हे दुकानाच्या दर्शनी ओळीत दिसतेच आहे. दर्जाची सक्ती, सुट्या भागांची हमी आणि खरेदीसाठी पतपुरवठा या तीन गोष्टी सार्वजनिक जबाबदारीच्या आहेत. मग कारखाना कोणाचाही असो.

सायकलीचे दिवस संपले, असे म्हणणाऱ्यांनी जनगणनेकडे पाहावे. २००१ मध्ये देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०११ मध्ये ४४.८ टक्के. त्याच काळात स्कूटर-मोटारसायकल असलेली कुटुंबे ११.७ वरून २१ टक्क्यांवर गेली, तरीही सायकलींचे प्रमाण घटले नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. गिअर नसलेल्या साध्या सायकलीने हे केले. ज्या योजनांत मुलींना सायकली वाटल्या जातात, त्या योजनांतील सायकली कशा आहेत, त्यांचे ब्रेक पावसात लागतात की नाही, सहा महिन्यांनी त्यांपैकी किती चालू आहेत, याची तपासणी स्थानिक कार्यकर्ता सहज करू शकतो. वाटपाच्या दिवशी छायाचित्र निघते. मुलगी मात्र वर्षभर शाळेत जायची असते.

आता त्या कामगाराचा हिशेब पुरा करू. रोज जाऊन-येऊन बारा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे तीनशे किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर गेली तरी महिन्याला सहा लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. म्हणजे महिन्याला सहाशे रुपयांहून अधिक, वर्षाला सात हजारांहून अधिक. मोटारसायकलच्या केवळ एका वर्षाच्या पेट्रोलमध्ये एक नवी सायकल येते. हप्ता, विमा आणि दुरुस्ती निराळीच. सहा किलोमीटरला सायकलीवर वीस-पंचवीस मिनिटे लागतात. त्याबदल्यात त्याच्या घरात वर्षाकाठी जी रक्कम शिल्लक राहते, ती मुलांच्या वह्या-पुस्तकांची आणि आजारपणाची तरतूद असते.

हे सर्व लक्षात घेता कार्यकर्त्यांना काही कामे तातडीने हाती घेता येतील. कामगारांच्या पतसंस्थांनी सायकलीसाठी अल्प व्याजाचे छोटे कर्ज द्यावे. मोटारसायकलीला कर्ज देणारे दारोदार फिरतात, सायकलीला देणारा कोणी नाही. दहा-वीस जणांनी एकत्र खरेदी केल्यास दुकानदाराकडून योग्य दात्यांचे फ्रीव्हील, चांगली धाव आणि नीट जोडणी पदरात पाडून घेता येते. कारखान्याच्या आवारात सायकलींसाठी छप्पर मागणे हा युनियनच्या मागणीपत्रातील एक मुद्दा असावा; उन्हापावसात उभी राहिलेली सायकल दोन वर्षांत गंजते. आणि नव्या सायकलीबरोबर मागे लाल परावर्तक व पुढे दिवा असल्याखेरीज रात्रपाळीच्या कामगाराला ती घेऊ देऊ नये.

दुकानात एकटा गेलेला गरजू माणूस रंग पाहून फसतो. त्याच्याबरोबर दाते मोजणारा आणि चाक फिरवून पाहणारा एक जाणता सहकारी गेला, तर तीच सहा-सात हजारांची रक्कम दहा वर्षे टिकणारी सायकल घरी आणते.